ओकिनावाची शस्त्रं खरंच शेतकऱ्यांची होती का? साई, टोन्फा, नुनचाकूच्या उगमाविषयी

रानवारा

कराटेच्या क्लासला गेलेल्या जवळपास प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते. जपानी सामुराईंनी ओकिनावा बेट जिंकलं, लोकांच्या तलवारी काढून घेतल्या, मग गरीब शेतकऱ्यांनी हाताला येईल ते अवजार उचललं. जात्याचा खुंटा झाला टोन्फा, धान्य झोडपायचं अवजार झालं नुनचाकू, रोपं लावायची लोखंडी दातेरी काडी झाली साई. रात्री चोरून सराव करायचा आणि घोड्यावरच्या सामुराईला खाली पाडायचं.

मीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. बेल्ट परीक्षेच्या तोंडी भागात हा प्रश्न हमखास असायचा. गेली काही वर्षं कोबुदो, म्हणजे ओकिनावाची शस्त्रविद्या, मन लावून शिकतोय आणि त्या बेटांचा इतिहासही वाचतोय. आता माझं मत पक्कं झालंय की ही गोष्ट आहे तशी टिकत नाही. ही शस्त्रं मुख्यतः दरबारी अधिकाऱ्यांची, पोलिसांची आणि समुद्री व्यापाराची देणगी आहेत. अवजारांपासून आलेली शस्त्रंही आहेत, पण थोडी. म्हणून प्रत्येक शस्त्र वेगळं तपासावं लागतं.

आधी थोडा इतिहास. ओकिनावा हे १८७९ पर्यंत रयुक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १४२९ मध्ये शो हाशी राजाने बेटावरची तीन राज्यं एकत्र केली. राजधानी शुरी, बंदर नाहा. १३७२ पासून चीनच्या मिंग दरबाराशी मांडलिकीचं नातं होतं आणि त्या जोरावर रयुक्यूची जहाजं चीनचा फुजियान प्रांत, सयाम, मलाक्का, जावापर्यंत फिरायची. हा व्यापार ध्यानात ठेवा, शस्त्रांचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

आता ती प्रसिद्ध "शस्त्रबंदी". शो शिन राजाने (कारकीर्द १४७७ ते १५२६) सगळी शस्त्रं गोळा करून कुलपात टाकली असं सांगतात. त्याला आधार देतात १५०९ च्या एका कोरीव लेखाचा. शुरी किल्ल्याच्या मुख्य प्रासादाच्या कठड्यावर राजाच्या अकरा कामगिऱ्या कोरल्या होत्या. चौथ्या कलमात तलवारी, धनुष्यं, बाण यांचा उल्लेख येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इहा फुयू या ओकिनावाच्या मोठ्या अभ्यासकाने त्याचा अर्थ शस्त्रत्याग असा लावला आणि तोच सगळीकडे पसरला. पण मूळ मजकुराचा रोख उलटा आहे. तलवारी आणि धनुष्यबाण राज्याच्या रक्षणासाठी साठवले आहेत, संपत्ती आणि शस्त्रबळ यांत शेजारची राज्यं आमच्या जवळपासही नाहीत, अशी ती बढाई आहे. एक राजा आपलं शस्त्रागार मिरवतोय आणि आपण त्यालाच अहिंसेचा पुरस्कर्ता करून ठेवलं.

---

सुमेधा_के

फार छान विषय. पण मग १६०९ चं काय? तेव्हा तर दक्षिण जपानमधल्या सात्सुमा संस्थानाच्या सामुराईंनी खरोखरच बेट जिंकलं होतं ना? शस्त्रबंदी तेव्हाची असेल.

---

रानवारा

सुमेधाताई, नेमका प्रश्न. हो, १६०९ च्या वसंतात सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने सुमारे तीन हजार माणसं पाठवली. पण रयुक्यूकडे शस्त्रं नव्हती असं नाही. नाहा बंदराच्या तोंडाशी दोन किल्ले होते आणि सात्सुमाची जहाजं तिकडून आली तेव्हा त्यांच्यावर तिथून मारा झाला. शत्रू उत्तरेकडून जमिनीवरून शुरीला पोचला म्हणून राज्य पडलं. शो नेई राजाला जपानला नेलं.

त्यानंतर सात्सुमाने बंदुकांवर बंदी आणली, पुढे शस्त्रं बाहेरून आणण्यावरही. मात्र राजपुत्रांना आणि सरदार वर्गाला स्वतःच्या तलवारी ठेवायची मुभा होती. शो राजघराण्याच्या तीन तलवारी आजही नाहाच्या इतिहास संग्रहालयात आहेत. त्यातली चियोगानेमारू मला फार आवडते. पातं जपानी आहे, पण मूठ एका हाताने धरायची, खास रयुक्यू घडणीची.

सामान्य शेतकऱ्याच्या हातात तलवार १६०९ च्या आधीही नव्हती. जे त्याच्याकडे नव्हतंच ते हिरावून कसं घेणार? आणि सैन्याच्या बंदुका गेल्या म्हणून शेतकऱ्याने खुंटा उचलून सामुराईशी लढायचं, हे जुळत नाही. सात्सुमाचे मोजके अधिकारीच बेटावर राहायचे. शेतकऱ्याच्या रोजच्या आयुष्यात सामुराई दिसायचाच कुठे?

---

मास्तर_विटेकर

चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावात पहिला कराटे क्लास सुरू झाला तेव्हा सरांनी हीच शेतकऱ्याची गोष्ट सांगून आम्हा पोरांना भारून टाकलं होतं. माझा आक्षेप एवढाच की गोष्ट अगदीच हवेतून आली नसेल. विळा तर शेतकऱ्याचाच. त्याला दरबारी शस्त्र कसं म्हणणार?

---

रानवारा

मास्तर, विळ्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. कामा म्हणजे विळाच. गवत कापायचा, ऊस तोडायचा. दोन हातांत दोन विळे घेऊन काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करतात. पाती खरोखर धारदार असतील तर तो पाहतानाही पोटात गोळा येतो, कारण पातं दर वळणाला स्वतःच्याच पोटरीजवळून जातं.

वल्हंही तसंच. एकू म्हणतात त्याला. साबानी या ओकिनावाच्या होडीचं वल्हं. त्याची एक बाजू सपाट, दुसरी किंचित फुगीर, कडा बोथट पण लाकूड जड, म्हणून फटका कुऱ्हाडीसारखा बसतो. त्सुकेन बेटाच्या नावाचा एक काता आहे. त्यात वल्ह्याच्या टोकाने वाळू उपसून समोरच्याच्या डोळ्यांत उडवण्याची हालचाल येते. किनाऱ्यावर उभं राहून ज्याने वल्हं मारलंय त्यालाच ते सुचणार. हे शस्त्र कोळ्यांचं आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कुवा म्हणजे कुदळ, तीही शेतातलीच.

पण साईचं गणित निराळं. ती लोखंडाची. ओकिनावात खनिज लोखंड जवळजवळ नाही, सगळं बाहेरून यायचं. १३७० च्या दशकात मिंग दरबाराचा दूत ली हाओ घोडे विकत घ्यायला तिथे गेला. त्याने परत येऊन सांगितलं की इथल्या लोकांना रेशमापेक्षा चिनी मातीची भांडी आणि लोखंडी कढया प्रिय आहेत. लोखंडाची इतकी टंचाई असलेल्या बेटावर शेतकरी रोपांसाठी खड्डे पाडायला तीन टोकांची घडीव लोखंडी काडी वापरेल? आणि एक नव्हे, दोन? साध्या बांबूच्या टोकाने ते काम होतं.

---

अपर्णा_नाहा

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं ओकिनावात राहिले. तिथल्या एका डोजोत, म्हणजे तालमीत, साई शिकले, म्हणून हातातल्या साईबद्दल लिहिते.

मधली दांडी गोल किंवा अष्टकोनी, टोकाकडे निमुळती, पण धार कुठेच नाही. बघणाऱ्याला वाटतं हा खंजीर आहे. तो खंजीर नाहीच, लोखंडी दंडुका आहे. मुठीजवळ दोन्ही बाजूंना वळलेले आकडे असतात. अंगठा त्या बेचक्यात दाबायचा, तर्जनी मुठीवर सरळ ठेवायची. मनगट झटकलं की दांडी फिरून कोपराच्या बाजूला, हाताच्या खालून चिकटते, आणि मुठीचा गोळा पुढे येतो. त्याने ठोसा. परत झटका दिला की दांडी सुटते आणि समोरच्याच्या मनगटावर किंवा काठीवर बसते. मापात घेतलेली साई कोपराच्या थोडी पुढे जाते, म्हणजे हातावर येणारा घाव लोखंडावर अडतो. पहिले काही महिने अंगठ्याच्या बुंध्याला कायम सूज होती.

आमचे सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचे की साई हे पोलिसांचं हत्यार. समोरच्याला ठार न करता काठी किंवा सुरी अडवायची, आकड्यात अडकवायची, हात पिरगाळायचा, पकडायचं. तिसरी साई कमरेला खोचलेली असते, एक फेकून मारली तर हात रिकामा राहू नये म्हणून. पकडायला आलेल्या माणसाची सगळी गरज या शस्त्रात दिसते.

---

रानवारा

अपर्णाताई, हे वाचून फार बरं वाटलं. रयुक्यूच्या राज्यात पोलिसांची कामं करणारे अधिकारी होते, वरच्या हुद्द्याला उफुचिकू म्हणत. कानागुसुकू उफुचिकू हे एकोणिसाव्या शतकातलं साईसाठी प्रसिद्ध नाव याच हुद्द्यावरून पडलंय. मिरवणुकीत गर्दी मागे सारायला आणि गुन्हेगार धरायला साई वापरली जायची. जपानच्या मुख्य बेटांवर एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) पोलिसांकडे जित्ते नावाचा एका आकड्याचा लोखंडी दंडुका असायचा. कामही तेच, तर्कही तोच.

---

सह्यकडा

साई सरळसरळ त्रिशूळ दिसते. बोधिधर्म भारतातून चीनला गेला, शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली, तिथून ती ओकिनावाला पोचली. म्हणजे मूळ आपलंच. हे कुणी का सांगत नाही?

---

रानवारा

सह्यकडा, अभिमान समजू शकतो, पण हे मला मान्य नाही. बोधिधर्माने शाओलिनला व्यायाम किंवा युद्धकला दिली ही कथा ज्या यिजिनजिंग ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला आहे. बोधिधर्माचा काळ पाचवं-सहावं शतक. मधली हजार वर्षं या कथेचा पत्ता नाही. झेनच्या इतिहासात बोधिधर्माचं स्थान मोठं आहेच, त्यासाठी त्याच्या हातात दंडुका द्यायची गरज नाही.

साईच्या भावंडांचा माग मात्र खरोखर रोचक आहे. इंडोनेशियात चाबांग, मलायात टेकपी, फुजियानमध्ये तिएची. सगळी साईच्या आकाराची. दक्षिण चीन समुद्राच्या काठाने हे शस्त्र फिरलंय हे उघड दिसतं, आणि त्याच काठाने रयुक्यूची जहाजं फिरत होती. दक्षिण-पूर्व आशियात भारतीय संस्कृतीचा ठसा मोठा असल्याने तिथल्या त्रिदंती आकारामागे त्रिशूळ आहे असं काही जण मांडतात. शक्यता म्हणून ठेवा, पण त्रिशूळ भोसकायला असतो, साई अडवायला. कामच वेगळं.

---

कोल्हापुरी_पट्टा

आमच्याकडे तालमीत मर्दानी खेळ शिकवताना वस्ताद लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा, विटा या क्रमाने जातात. यातलं प्रत्येक हत्यार कुणाच्या हातात होतं हे वस्ताद वेगळं सांगतात. लाठी गावच्या माणसाची, पट्टा शिपायाचा. ओकिनावातही एकाच "लोकांची शस्त्रं" या पोत्यात सगळं भरलंय असं वाटतं. काठीचं काय? ती तर कुणाचीही असू शकते.

---

रानवारा

पट्टासाहेब, काठीतच या विषयाचे दोन धागे एकत्र येतात. ओकिनावाची बो म्हणजे सहा शाकू लांबीची, साधारण १८२ सेंटीमीटर. मध्यभागी जाड, दोन्ही टोकांकडे निमुळती. लाकूड बहुधा ओक. मधे जाड असल्याने वजन हातांजवळ राहतं आणि टोक झपकन येतं.

प्रसिद्ध कातांची नावं बघा. साकुगावा नो कोन, चातान यारा नो साई. साकुगावा अठराव्या शतकातले, पेचिन या हुद्द्याचे. पेचिन म्हणजे दरबारी सेवेतला मधला अधिकारी वर्ग. हे लोक कामानिमित्त फुजियानच्या फुझौ शहरात जायचे, तिथे रयुक्यूची वखारच होती. नजराणा नेणाऱ्या जहाजांवर चाच्यांची भीती असायची, त्यामुळे जहाजं शस्त्रं घेऊनच निघायची. शिकायला वेळ, प्रवासाची संधी आणि गुरूला द्यायला पैसा या वर्गाकडे होता. ज्यांची नावं कातांना मिळाली ते बव्हंशी असेच लोक.

दुसरा धागा गावाचा. ओकिनावाच्या गावागावांत सणाला तरुण मुलं काठीचे खेळ करतात, मुराबो म्हणतात त्याला. झांजा-ढोलाच्या तालावर जोड्या समोरासमोर येतात. कुठे दोघे, कुठे मोठे गट. ही परंपरा शेतकऱ्यांची आहे आणि ती चोरून नव्हे, भर चौकात, सगळ्या गावासमोर चालत आलीय. शेतकऱ्याला ओकिनावाच्या शस्त्रविद्येत जागा द्यायची तर ती इथे आहे, आणि ही जागा मानाची आहे. अंधारात लपून सराव करणाऱ्या काल्पनिक शेतकऱ्याच्या नादात आपण या खऱ्या शेतकऱ्याला विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

---

सुमेधा_के

हे फार पटलं. नुनचाकू आणि टोन्फा राहिले.

---

अपर्णा_नाहा

टोन्फाबद्दल मी लिहिते. जात्याच्या खुंट्याची गोष्ट मलाही तिथे ऐकायला मिळाली आणि आकार बघून पटतेसुद्धा. लांब दांडा, एका टोकाजवळ आडवी मूठ. पण टोन्फा नेहमी जोडीने वापरतात. दांडा हाताच्या बाहेरच्या बाजूला, कोपरापर्यंत, ढालीसारखा बसतो आणि मूठ सैल धरून फिरवली की लांब टोक वाऱ्यासारखं सुटतं. जात्याचा खुंटा काढून आणला तर एवढी गोल, गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारखी फिरणारी मूठ मिळणं अवघड. थायलंडमध्ये हाताला बांधायचे माई सोक नावाचे लाकडी दंडुके आहेत, चीनमध्ये कुबडीच्या आकाराचं गुआई आहे. तिथलं नातं मला जास्त जवळचं वाटतं.

१९७० च्या दशकात अमेरिकन पोलिसांनी आडव्या मुठीचा जो दंडुका घेतला तो याच टोन्फावरून. साई पोलिसांची होतीच, टोन्फाही शेवटी पोलिसांकडे गेला!

---

टोरांटोकर_निखिल

इथे कॅनडात नुनचाकू प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत आहे. मुलाच्या डोजोत बाकी सगळं शिकवतात, हे नाही. न्यूयॉर्कमध्येही १९७४ पासून बंदी होती, २०१८ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. मुलगा विचारतो की हे एवढं महत्त्वाचं शस्त्र असेल तर सेन्सेई त्याचे जुने काता का दाखवत नाहीत? बंदी आहे म्हणून, की मुळातच नाहीत?

---

रानवारा

निखिल, मुलाने अगदी वर्मावर बोट ठेवलंय. काठीचे जुने काता ढिगाने आहेत, साईचेही बरेच. नुनचाकूचे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले काही विसाव्या शतकात रचलेले. आज जगात नुनचाकूचं जे नाव आहे ते ब्रूस लीमुळे. ओकिनावात ते दुय्यम शस्त्र होतं.

उगमाबद्दल तीन कथा चालतात: धान्य झोडपायचं अवजार, घोड्याच्या लगामाचा लाकडी भाग, आणि रात्रीच्या पहारेकऱ्याची टाळी. झोडपणीत मला अडचण दिसते ती रचनेची. झोडपायच्या अवजाराचा दांडा लांब असतो आणि फिरणारा तुकडा आखूड, कारण माणूस उभा राहून जमिनीवरच्या कणसांवर मारतो. नुनचाकूचे दोरीने जोडलेले दोन्ही तुकडे सारखे आणि आखूड. शिवाय ओकिनावाच्या गरीब माणसाचं पोट भरायचं रताळ्यावर. १६०५ मध्ये नोगुनी सोकानने ते फुजियानहून आणलं आणि दुष्काळात बेट जगलं. भाताचं खळं हे तिथल्या शेतकऱ्याचं प्रातिनिधिक चित्र नाही. लगामाची कथा मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण लगामाचे दोन लाकडी तुकडे खरोखर सारख्या लांबीचे आणि दोरीने जोडलेले असायचे. चीनमध्येही दोन तुकड्यांची जोडकाठी होती, तेव्हा तिकडून आलेल्या कल्पनेला स्थानिक वस्तू मिळाली असेल हेही संभवतं.

---

मास्तर_विटेकर

मग शेतकऱ्यांची गोष्ट पसरली कशी? कुणीतरी सुरू केली असणार.

---

रानवारा

मास्तर, तिचा एक टप्पा थेट नेपोलियनपर्यंत जातो. १८१६ मध्ये बेसिल हॉल हा ब्रिटिश नौदलाचा कप्तान रयुक्यूला गेला. त्याला तिथे शस्त्रं दिसली नाहीत. पुढच्या वर्षी सेंट हेलेना बेटावर त्याने कैदेतल्या नेपोलियनला सांगितलं की या लोकांकडे शस्त्रंच नाहीत. नेपोलियनचा विश्वास बसेना. मुळात रयुक्यूचे अधिकारी परदेशी पाहुण्यांपासून बरंच काही मुद्दाम दडवत, सात्सुमाचं वर्चस्व तर आवर्जून. पाहुण्याने जे पाहिलं ते त्याला दाखवलेलं होतं. पण "शस्त्रहीन, शांत राज्य" ही प्रतिमा युरोपात रुजली. नंतर इहा फुयूंचा तो अर्थ आला. कराटे म्हणजे रिकामा हात, आणि हात रिकामे का तर शस्त्रबंदी, अशी साखळी जुळली. दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी कराटेसोबत ही गोष्टही घरी नेली.

कागदपत्रं असती तर तेव्हाच उत्तर देता आलं असतं. १९४५ च्या लढाईत शुरीचा किल्ला बेचिराख झाला, बेटावरची सुमारे एक चतुर्थांश माणसं गेली. त्यांत किती वस्ताद होते कोण सांगणार? आज जे उरलंय ते थोड्या माणसांच्या हट्टामुळे. याबिकू मोदेन, त्यांचे शिष्य ताइरा शिंकेन (१८९७ ते १९७०), तिकडे मातायोशी शिंको आणि त्यांचा मुलगा शिंपो. ताइरा कुमे बेटावर जन्मले. गावोगावच्या वस्तादांकडे जाऊन त्यांनी आठ शस्त्रांचे चाळीसहून अधिक काता गोळा केले. बो, साई, टोन्फा, नुनचाकू, कामा, तेक्को (मुठीत धरायचं धातूचं कडं), तिंबे-रोचिन आणि सुरुजिन (टोकांना वजन लावलेली साखळी). तरुण मुलं फक्त कराटेकडे वळत होती, शस्त्रं शिकायला फारसं कुणी येत नव्हतं, त्या काळात हे काम झालं.

---

कोल्हापुरी_पट्टा

तिंबे-रोचिन म्हणजे काय? ढाल-भाला का?

---

अपर्णा_नाहा

बरोबर. डाव्या हातात ढाल, उजव्यात आखूड भाला. जुन्या ढाली समुद्री कासवाच्या पाठीच्या असायच्या, वेताच्या आणि धातूच्याही असतात. ढाल स्थिर धरत नाहीत. तिच्या कडेने समोरच्याचं शस्त्र वर उचलायचं आणि त्याच क्षणी खालून भाला घालायचा. भाला ढालीआड लपलेला असल्यामुळे तो कुठून येईल ते शेवटपर्यंत दिसत नाही. तुमच्या फरी-गदग्याच्या माणसाने एकदा बघावं, पायांच्या हालचालीत ओळखीचं बरंच सापडेल.